बसल्याची नोंद नाही

रखवालदार शेवटी खुर्चीत बसला. गणवेशात, टोपीसकट, भर दुपारी, आणि चांगला अकरा मिनिटं बसला.

आता हे विसरून जा. असं काही घडलेलं नाही. संग्रहालयाच्या कुठल्याही वहीत तशी नोंद नाही. त्या दिवशीच्या हजेरीपुस्तकात रखवालदाराच्या नावापुढे नेहमीसारखं 'उभा' असंच लिहिलेलं आहे. तेव्हा आपण नीट, म्हणजे अजून कोणीच बसलेलं नाही तिथून, सुरुवात करू.

ते संग्रहालय खुर्च्यांचं होतं. एकूण चारशे बारा. राणीची, न्यायाधीशाची, दात काढणाऱ्याची. एका सरदाराला घोड्याची भीती वाटायची, त्यानं चित्र काढून घेण्यापुरती करवलेली घोड्याच्या आकाराची. यातल्या एकाही खुर्चीवर बसायचं नाही हा तिथला पहिला नियम. दुसरा नियम, पहिला मोडणाऱ्याला उभ्या उभ्या बाहेर काढायचं. हे काम मोठ्या दालनाच्या दारातला रखवालदार करायचा. एकोणतीस वर्षं तो त्या दारात उभा होता आणि त्या इमारतीत त्याला बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. सगळे त्याला 'खांब' म्हणत. नव्यानं लागलेल्या सफाईवालीनं पहिल्याच दिवशी फडक्यानं त्याचे खांदे पुसले होते, आणि तो हलला नव्हता. कारण विचारल्यावर म्हणाला, "काम मन लावून करत होती, कशाला मोडता घालायचा?"

दारात तो खांब होता. घरी ते बाबा होते. घरी ते बसत, लोळत, घोरत. नियम फक्त गणवेशाला होता. अंगात गणवेश असेतो टेकायचं नाही. "चारशे बारा खुर्च्या ज्याच्या भरवशावर रिकाम्या आहेत," ते म्हणायचे, "त्यानंच बूड टेकलं तर लोकांनी कोणाकडे बघायचं?"

त्यांच्या मुलीला सगळे धाकटी म्हणत. थोरलं कोणी नव्हतं. पण बाबांची नोकरी तिच्याआधी चार वर्षं घरात आलेली, त्यामुळे थोरलीचा मान नोकरीचा. धाकटीला त्याचं वाईट वाटत नसे. शाळेत ती छाती काढून सांगायची, "माझे बाबा उभे राहतात." पोरं विचारायची, "निवडणुकीला?" ती म्हणायची, "नाही, नुसते." आणि हे 'नुसते' ती अशा थाटात म्हणायची की पोरांना आपापल्या बापांचं बसणं खटकायला लागायचं.

आता ती पंचवीस वर्षांची होती आणि इनसोलच्या कार्यशाळेत कामाला होती. इनसोल म्हणजे बुटाच्या आत, तळव्याखाली घालायचा आधार, ज्याच्या त्याच्या पायाचा ठसा घेऊन केलेला. दोन वर्षं ती फोम कापत होती, कडा घासत होती, गोंद लावत होती. पण पहिल्या ठशापासून शेवटच्या घासणीपर्यंत स्वतःचा म्हणावा असा एकही जोड अजून तिच्या हातून झाला नव्हता.

इकडे चार महिन्यांपासून बाबा सकाळी उठले की न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जात होते. पहिल्या दहा पावलांना टाचेत कोणीतरी खिळा ठोकतंय असं वाटायचं. पायाची आग खरोखरच मस्तकात जायची. दिवस चढला की जरा बरं, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. विचारलं तर म्हणायचे, "भिंतीला ओल आलीय का बघतोय."

"चार महिने एकाच भिंतीत ओल शोधताय," आई म्हणायची. "सापडली की हाक मारा. तोवर मी चहा गाळते."

हेही असंच निभावलं असतं. पण संग्रहालयात नवे अधीक्षक आले आणि त्यांनी परिपत्रक काढलं. पंचावन्नच्या पुढच्या रखवालदारांनी सहा आठवड्यांनी तपासणी अधिकाऱ्यासमोर सलग चार तास दारात उभं राहून दाखवावं. न जमल्यास बदली तिकीटखिडकीवर. खिडकीत खुर्ची होती. गादीची, गोल फिरणारी, वर-खाली होणारी. बाकीचे दोन रखवालदार ताबडतोब नापास होण्याच्या तयारीला लागले. एकानं तर चक्कर येऊन पडण्याचा सराव सुरू केला, पण सरावानंच तो इतका थकायचा की पडायला जोर उरायचा नाही.

बाबांनी परिपत्रक घरी आणलं, वाचून दाखवलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "फिरणारी खुर्ची." एखादा असाध्य रोग सांगावा तसे.

धाकटी उठली आणि दाराजवळचे त्यांचे बूट उचलून पालथे केले. टाचा आतल्या बाजूनं झिजलेल्या. "बाबा, इनसोल करून बघू या."

"म्हणजे टेकू."

"टेकू नाही हो. आधार."

"भावाभावांची नावं वेगळी असतात म्हणून बाप वेगळा असतो का?"

टेकू हा त्या घरात साधा शब्द नव्हता. संग्रहालयात एखाद्या खुर्चीचा पाय डुगडुगायला लागला की सुतारकाका त्याखाली लाकडाचा तुकडा सारायचे आणि पाठीला लाल चिठ्ठी बांधायचे: 'टेकूवर'. टेकूवरची खुर्ची दालनात राहत नाही; त्याच दिवशी गोदामात जाते. एकोणतीस वर्षांत बाबांनी अशा सदतीस खुर्च्या स्वतःच्या हातांनी गोदामात पोचवल्या होत्या. एकही परत आली नव्हती.

"टेकू लागला की गोदाम," बाबा म्हणाले. "मी अजून माझ्या पायांवर उभा आहे." आणि हे सांगायला ते उठले, तेव्हा त्यांचा हात आपोआप भिंतीकडे गेला. ओल बघायला.

धाकटीनं तोंड उघडलं. आईनं तिला डोळ्यांनीच गप्प केलं आणि भाजी निवडता निवडता, कोणालाच उद्देशून नाही अशी, बोलायला लागली.

"बिचारीला दोन वर्षं झाली शिकून. मोठ्या बाई म्हणतात, पहिलं गिऱ्हाईक तुझं तूच आण. आता कुठून आणायचा परका पाय?"

"माझा आहे की," बाबा म्हणाले.

"तुमचा कसा चालेल? त्यांना दुखरा पाय लागतो. तुमचं कुठे काय दुखतंय?"

बाबांनी भिंतीवरचा हात काढून घेतला. "थोडं दुखतं."

"किती?"

"तिला लागेल तेवढं."

अशा रीतीनं एका पायावर तयार नसलेला माणूस दोन्ही पायांनी तयार झाला.

जेवणाच्या सुट्टीत ते कार्यशाळेत आले. भिंतीवर फळ्यांवर शंभरेक प्लास्टरचे पाय मांडलेले होते, ते त्यांनी आत शिरताच मोजले आणि त्यांच्याजवळ उभ्या असलेल्या एका बाईंकडे 'हात लावू नका' अशा नजरेनं बघितलं. त्या मोठ्या बाई निघाल्या. कार्यशाळा त्यांचीच होती.

मोठ्या बाईंनी त्यांना भिंतीला हात टेकवून उभं केलं, एकेक बूट काढायला लावला आणि टाचेच्या मधोमध अंगठा दाबला. बाबा आहेत त्याहून इंचभर उंच झाले.

"इथेच," बाई म्हणाल्या. "सकाळी जास्त?"

"सकाळी ओल जास्त," बाबा म्हणाले. धाकटीनं ते समजावून सांगितलं.

"पाय चपटे आहेत तुमचे."

"जन्मापासून."

"मग त्यांना काही करायचं नाही. चपटा पाय दुखत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. तुमची टाच दुखतेय, आणि ती दगडी फरशीमुळे आणि या बुटांमुळे. नंबर काय?"

"आठ."

"मोजला कधी होता?"

"नोकरीला लागलो तेव्हा."

बाईंनी पट्टी लावली. नऊ निघाला. "वय झालं की पाय पसरतात," त्या म्हणाल्या.

"अंथरूण पाहून पसरावेत म्हणतात," बाबा गंभीरपणे म्हणाले. "मी बूट पाहून आवरत होतो."

बाई हसल्या नाहीत, पण चष्मा पुसला. "आधी मोठे बूट घ्या. पोटऱ्या ताणायचा व्यायाम ही शिकवेल, तो रोज करा. आणि इनसोल म्हणजे जादू नव्हे, हे आत्ताच सांगते. कोणाला आराम पडतो, कोणाला नाही. पुष्कळांना दुकानातला तयारसुद्धा पुरतो. तुमची फरशी आणि तुमचे तास बघता मापाचा करून बघायला हरकत नाही. पाय आहे तसाच राहील. टाचेवरचा भार जरा वाटला जाईल, एवढंच." शेजारच्या खोलीत एक टपालवाला वाट बघत होता, त्याच्याकडे त्या निघाल्या आणि जाता जाता धाकटीला म्हणाल्या, "ठसा तू घे."

धाकटीनं फोमची पेटी आणली. मऊ, हिरवट, बोट लावलं तरी खळगा पडणारी. खुर्ची पुढे ओढली. "बसा."

बाबांनी खुर्चीकडे बघितलं. मग स्वतःच्या अंगावरच्या बटणांकडे.

"गणवेश आहे," ते म्हणाले.

"मग उतरवा."

"जेवणाच्या सुट्टीत गणवेश उतरवता येत नाही. कलम सतरा."

"मग तुमच्या सुट्टीच्या दिवशी या."

"त्या दिवशी तुमचंही बंद असतं."

दोन्ही खरं होतं, आणि घरी रात्री घ्यावा तर दिवसभर उभा राहून सुजलेल्या पायाचा ठसा चालत नाही, पेटीही कार्यशाळेतून काढली की त्याच दिवशी वापरावी लागते. आणि हेही खरं होतं, की ठसा माणसाला बसवूनच घ्यायचा असतो. गुडघा काटकोनात, पाय कारागिराच्या हातात, आणि कारागिरानं तो हलकेच फोममध्ये दाबायचा, म्हणजे पायाचा स्वतःचा आकार उमटतो. माणूस सगळ्या वजनानिशी उभा राहिला की पाय सपाट होतो आणि ठसाही सपाट. धाकटीला हे झोपेतही सांगता आलं असतं. पण समोर बाबा होते. या माणसाला 'बसा' म्हणणं तिला एकदाच जमलं. दुसऱ्यांदा म्हणणं म्हणजे डोंगराला 'जरा सरकून घ्या' म्हणणं होतं.

"बरं," ती म्हणाली. "उभ्यानंच घेऊ."

ही चूक जगातल्या दुसऱ्या कुठल्याही कारागिराच्या हातून झाली नसती. त्यासाठी लहानपणी शाळेत 'नुसते उभे राहतात' म्हणून छाती काढलेली असावी लागते.

बाबा पेटीत उभे राहिले. फोम करकरत पार तळापर्यंत गेला. "नीट उमटला ना?" त्यांनी विचारलं.

"एकदम," धाकटी म्हणाली. दोघांनाही एकमेकांचा फार अभिमान वाटला.

चार दिवस खपून तिनं जोड केला. काळं अस्तर, कडा अशा घासलेल्या की बोट फिरवावं तर थांबू नये. बाबांनी तो बुटात घातला, चार पावलं चालले आणि म्हणाले, "वा." पुढचे दहा दिवस रोज संध्याकाळी विचारलं की, "वा."

अकराव्या दिवशी सकाळी धाकटी लवकर उठली. बाबा भिंत धरून चालले होते.

"ओल?" तिनं विचारलं.

"ओल."

"बाबा, खरं सांगा."

"अगं, सुंदर आहेत. मी दालनातल्या सगळ्यांना बूट काढून दाखवलेत. सफाईवाली म्हणाली, असलं काम आपल्या वस्तूंत पण नाही."

"दुखायचं थांबलं का?"

"आता ते काय त्यांच्या हातात आहे?"

धाकटी तो जोड घेऊन कार्यशाळेत गेली आणि मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी त्यावर पट्टी आडवी धरून डोळा बारीक केला.

"हे काय आहे?"

"इनसोल."

"नाही. हा चपट्या पायाचा फोटो आहे. छान आलाय. पण पाय जिथे दबला, तिथे इनसोलही दबलाय. आधार कुठाय यात?"

"ते बसत नाहीत, बाई."

"म्हणजे?"

"गणवेशात बसत नाहीत."

बाईंनी चष्मा काढला. "त्या वेळी तू तिथे कारागीर म्हणून होतीस, की मुलगी म्हणून?"

धाकटीनं जोड टेबलावरून आपल्याकडे ओढला.

"किती दिवस उरलेत?"

"अठरा."

"मग बसव त्यांना. नाहीतर तिकीटखिडकी बसवेल."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धाकटी फोमची नवी पेटी काखेत मारून संग्रहालयात गेली. फाटकावर विचारलं, "आत काय?" ती म्हणाली, "अजून काही नाही." तशी नोंद झाली.

बाबांनी ऐकून घेतलं. पहिला जोड चुकला हे ऐकताना त्यांनी मान हलवली नाही. ठसा उभ्यानं घेतल्यामुळे चुकला हे ऐकल्यावर टोपी सारखी केली. "म्हणजे माझ्यामुळे."

"माझ्यामुळे," धाकटी म्हणाली. "मी ऐकायला नको होतं."

"आणि आता इथे बसायचं? या सगळ्या खुर्च्यांसमोर?"

"चार तास उभं राहायचंय ना?"

बाबा तिला दालनामागच्या दुरुस्तीच्या खोलीत घेऊन गेले. तिथे सुतारकाका होते. कानामागे पेन्सिल, आणि ती सापडत नाही म्हणून खोलीभर शोध चाललेला. धाकटीनं त्यांच्या कानामागची पेन्सिल काढून हातात दिली आणि सगळी हकीकत सांगितली. टेकूसकट.

काका सगळं ऐकून म्हणाले, "खांबा, राणीची खुर्ची केव्हापासून आहे दालनात?"

"माझ्या आधीपासून."

"मागच्या डाव्या पायाखाली काय आहे तिच्या?"

"फरशी."

"चल."

तिघं दालनात आले. राणीची खुर्ची दाराच्या बरोबर समोर होती. बाबांची नजर एकोणतीस वर्षं तिच्यावरच असायची. काकांनी पट्टीच्या टोकानं मागच्या डाव्या पायाच्या बुडाशी खरवडलं. नखाएवढी, फरशीच्याच रंगाची कातड्याची चकती दिसली.

बाबांचा चेहरा उतरला. "टेकू?"

"टेकू मोडक्याला. ही ठणठणीत आहे, लिहून देतो. फरशी वाकडी आहे. चकती फरशीसाठी आहे रे, खुर्चीसाठी नाही."

"मग लाल चिठ्ठी?"

"फरशीला लावली होती मी. तेव्हाचे अधीक्षक म्हणाले, फरशी गोदामात मावणार नाही, काढ ती."

बाबांनी वाकून त्या चकतीवरून बोट फिरवलं. मग अगदी हळू, फक्त धाकटीला ऐकू जाईल असं म्हणाले, "टाच फार दुखायला लागली की मी हिच्याकडे बघायचो. म्हणायचो, ही बघ, कशाचा आधार न घेता उभी आहे."

"ती उभीच आहे, बाबा."

"हो." आणि बुटाच्या टोकानं फरशी चाचपत, "फरशी वाकडी आहे म्हणायची."

टेकूचा प्रश्न मिटला. गणवेशाचा राहिला. काकांनी दुरुस्तीच्या खोलीच्या कोपऱ्यातून एक साधी, बिनहातांची खुर्ची ओढली आणि फुंकर मारली. "ही मागच्या वर्षी नोंदवहीतून काढली. हिच्या ओळीपुढे लिहिलंय, 'जळाऊ लाकूड'. कागदोपत्री ही खुर्ची नाही."

"मजबूत आहे?"

"खुर्ची म्हणून मला काही सांगता येणार नाही. लाकूड म्हणून मजबूत आहे."

"म्हणजे हिच्यावर बसणं म्हणजे..."

"सरपणावर टेकणं. कलम दाखव मला सरपणाचं."

तसं कलम नव्हतं. बाबांनी मनातल्या मनात सगळी नियमावली चाळली, धाकटीला त्यांचे ओठ हलताना दिसले. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती पेटी उघडून, बाह्या सारून जमिनीवर बसली होती. 'बरं, उभ्यानंच घेऊ' हे वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर येऊन ठेपलं होतं. तिनं ते गिळलं.

"बसा," ती म्हणाली. कार्यशाळेतल्या आवाजात. 'बाबा' म्हणाली नाही.

आणि मग जे झालं ते झालेलं नाही, हे आपण आधीच ठरवलंय. काकांनी तर भिंतीकडे तोंड करून पुन्हा पेन्सिल शोधायला घेतली, जी त्यांच्याच हातात होती.

धाकटीनं पाय हातात घेतला. गरम होता, जड होता, आणि आठ नंबरच्या शिवणीचा वळ त्यावर कायमचा उमटलेला होता. बाबांचा पाय आपण कधी हातात घेतलाच नव्हता, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. दिसायला केवढासा. एवढा मोठा माणूस इतकी वर्षं या एवढ्याशा गोष्टीवर उभा होता. तिनं टाच सरळ धरली, दुसऱ्या हातानं गुडघा स्थिर केला, आणि पाय हलकेच फोममध्ये उतरवला. मग दुसरा. ठसा काढून बघितला तर मधोमध, आतल्या बाजूला, फोमचा एक लहानसा उंचवटा शाबूत होता. चपट्या पायालाही, दाबलं नाही तर, आपली एक छोटीशी कमान होती.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"नाही." तिनं डावा ठसा पुन्हा घेतला. पहिला बरा होता. पण तिला बरा नको होता.

अकरा मिनिटांनी ती म्हणाली, "झालं."

बाबा उठले, बूट चढवले, टोपी सारखी केली.

"कसं वाटलं?" काकांनी भिंतीला विचारलं.

"कशाचं कसं वाटलं?" बाबा म्हणाले आणि दारात जाऊन उभे राहिले.

दुसरा जोड पहिल्याइतका देखणा नव्हता. पहिल्या दिवशी तो एकच तास घालायचा होता, मग दोन, मग तीन. पायाला सवय व्हावी म्हणून. 'एक तास' हा बाबांना अपमान वाटला. आई घड्याळ घेऊन दारात बसायची आणि तास भरला की ओरडायची, "उतरा!" दरम्यान नऊ नंबरचे बूटही मिळाले, भांडारवाल्यानं त्यासाठी पाय वाढल्याचा दाखला मागितला आणि मोठ्या बाईंनी तो सहीशिक्क्यानिशी दिला. बाबा सकाळ-संध्याकाळ भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणायचे. एका सकाळी ते भिंतीपासून हातभर अंतरावरून चालत न्हाणीघरात गेले.

"ओल गेली वाटतं," आई म्हणाली.

"बरीचशी," बाबा म्हणाले.

चाचणीच्या दिवशी धाकटी तिकीट काढून प्रेक्षक म्हणून गेली. तपासणी अधिकारी टोकदार, चकचकीत बुटांत आले. नियमाप्रमाणे त्यांनी चारही तास रखवालदारावर नजर ठेवणं बंधनकारक होतं. पहिल्या अर्ध्या तासातच त्यांनी न्यायाधीशाच्या खुर्चीकडे पावलं वळवली.

"साहेब, ती वस्तू आहे," बाबा म्हणाले.

मग साहेब दात काढणाऱ्याच्या खुर्चीपाशी घुटमळले. "तीही." दुसऱ्या तासाला साहेब भिंतीला रेलले. "रंग ओला आहे, साहेब." तिसऱ्या तासाला साहेबांनी एक बूट काढला आणि त्यात काहीतरी शोधल्यासारखं केलं. धाकटी दालनात सातवी चक्कर मारत होती, बाबांजवळून जाताना तिनं ओठ न हलवता विचारलं, "दुखतंय?"

"दुखतंय," बाबाही ओठ न हलवता म्हणाले. "पण लांबून. गोदामाच्या बाजूनं."

चार तास भरले. साहेबांनी कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं आणि होते तिथेच फरशीवर बसले.

"साहेब, उठा," बाबा म्हणाले. "दालनात बसायला मनाई आहे."

साहेबांना हात देऊन उठवावं लागलं. आधी ते रागावले, मग त्यांची नजर बाबांच्या बुटांवर गेली. "काय घालता हो तुम्ही यात?"

बाबांनी उजवा बूट काढला, एका पायावर तोल सांभाळत इनसोल बाहेर काढला आणि राणीचा मुकुट दाखवावा तसा दोन्ही हातांवर धरला.

"माझ्या मुलीनं केलाय," ते म्हणाले. दालनात बोलायची परवानगी असते त्याहून हा आवाज बराच मोठा होता, आणि हे त्यांनाच ठाऊक असायला हवं होतं. "ती तिच्या पायावर उभी आहे. मी तिच्या कामावर."

साहेबांनी कार्यशाळेचा पत्ता लिहून घेतला. धाकटी दात काढणाऱ्याच्या खुर्चीचा फलक तिसऱ्यांदा वाचत होती आणि तिला त्यातलं एकही अक्षर दिसत नव्हतं.

गोष्ट इथेच संपायची. बाबांचं दार राहिलं, नोंद स्वच्छ राहिली, एकोणतीसची तीस होतील. पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी बाबा टेबलाशी बसून सकाळभर काहीतरी लिहीत होते. शेवटी कागद धाकटीपुढे सरकवून म्हणाले, "शुद्धलेखन बघ जरा. मजकुराला हात लावू नको."

प्रति, मा. अधीक्षक, खुर्ची संग्रहालय.

विषय: अर्जदाराच्या बसण्याची नोंद घेण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदार गेली एकोणतीस वर्षे मोठ्या दालनाच्या दारात उभा असून त्याच्या बसण्याची आजवर कोठेही नोंद नाही. सदर बाब खोटी आहे. अर्जदार दुरुस्तीच्या खोलीत गणवेशात व टोपीसह अकरा मिनिटे बसला होता. तो आळसाने बसला नव्हता. त्याच्या मुलीने त्याला बस म्हणून सांगितले होते, आणि तिचे ऐकणे योग्य होते, हे नंतरच्या चार तासांवरून सिद्ध झाले आहे.

तरी हजेरीपुस्तकातील त्या दिवशीचा 'उभा' हा शेरा खोडून तेथे 'बसला' असे लिहावे. जळाऊ लाकूड म्हणून नोंद असलेली वस्तू पुन्हा नोंदवहीत घेऊन तिला खुर्ची क्रमांक चारशे तेरा द्यावा. ती राणीच्या खुर्चीशेजारी, फरशी सरळ असेल अशा जागी ठेवावी. तिच्यावर कोणालाही बसू देऊ नये. त्याची जबाबदारी अर्जदार स्वतः घेईल. फलकावर अर्जदाराचे नाव नसले तरी चालेल. 'इनसोल करणारीने येथे आपला पहिला खरा ठसा घेतला' एवढे लिहावे.

सबब, अर्जदार हा खुर्चीवरच बसला होता, सरपणावर नव्हे, असे अधिकृतरीत्या मान्य करण्यात यावे, ही नम्र विनंती.